पेन ड्राइव्हवरील फिरता ब्राउझर : वापर व निगा

द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकास आपल्या शाळेची माहिती शासनाच्या संकेतस्थळांवर भरण्याकरिता नेहमी स्वतःचाच संगणक मिळतो असे नाही. एके दिवशी तो केंद्रशाळेतील संगणकावर बसतो, दुसऱ्या दिवशी गटसाधन केंद्रात, आणि मुदत संपत आली म्हणजे बाजारच्या गावातील एखाद्या दुकानात. प्रत्येक ठिकाणचा संगणक परका. त्यावरील ब्राउझर कधी फार जुना असतो, तर कधी आधीच्या माणसाचे खाते त्यात उघडेच राहिलेले असते. ही अडचण टाळण्यासाठी काही शिक्षक बंधुभगिनी पेन ड्राइव्हवरून चालणारा ब्राउझर वापरू लागले आहेत. सोय चांगली आहे. परंतु शाळाभेटींत असे जे पेन ड्राइव्ह पाहण्यात आले, त्यांपैकी पुष्कळांवरील ब्राउझर बसविल्या दिवसापासून एकदाही बदललेला नव्हता. सबब या साधनाचे स्वरूप काय, ते कसे वापरावे आणि विशेषतः ते अद्ययावत कसे ठेवावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखविणारी आज्ञावली होय. नेहमीच्या पद्धतीने ती संगणकात बसविली असता तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या ठिकाणी जातात : मूळ आज्ञावली एकीकडे, आपल्या खुणा व पासवर्ड दुसरीकडे, आणि काही नोंदी विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत. फिरत्या ब्राउझरमध्ये हे सर्व सामान एकाच फोल्डरात बांधलेले असते. तो फोल्डर ज्या पेन ड्राइव्हवर असेल तेथूनच ब्राउझर चालतो, आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला म्हणजे आपले सामानही आपल्याबरोबर निघते. फायरफॉक्सची अशी फिरती आवृत्ती जॉन हॅलर यांनी २००४ साली तयार केली. पुढे त्यातूनच पोर्टेबलअ‍ॅप्स हे संकेतस्थळ वाढले व आज तेथे अनेक आज्ञावलींच्या फिरत्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते २००० सालाच्या सुमारास. ज्या यूएसबी जोडणीवर ते चालतात, ती घडविण्यात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे व त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

या पाठात उदाहरण म्हणून फायरफॉक्सची फिरती आवृत्ती घेतली आहे. तिचा फोल्डर उघडून पाहिला असता आत मुख्यतः तीन फोल्डर दिसतात : अ‍ॅप, डेटा व अदर. शेजारी फायरफॉक्स पोर्टेबल या नावाची आरंभाची फाईल असते. अ‍ॅप फोल्डरात मूळ आज्ञावली राहते, आणि बहुतेक वेळा तिच्या ३२ व ६४ बिटांच्या दोन्ही प्रती असतात, म्हणजे संगणक जुना असो वा नवा, त्याला योग्य ती प्रत चालते. डेटा फोल्डरात आपल्या खुणा, भेट दिलेल्या स्थळांचा इतिहास, साठविलेले पासवर्ड व आपण केलेली मांडणी असते. शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर अ‍ॅप म्हणजे वर्गातील बाके व फळा, आणि डेटा म्हणजे जनरल रजिस्टर. बाके मोडली तर नवी आणता येतात. रजिस्टर गहाळ झाले तर काय होते हे मुख्याध्यापकांस वेगळे सांगावयास नको. पुढील सर्व विवेचन हा भेद ध्यानात ठेवून वाचावे.

प्रथम वापराविषयी. ब्राउझर नेहमी वर उल्लेखिलेल्या आरंभाच्या फाईलवरूनच सुरू करावा. काही जण अ‍ॅप फोल्डराच्या आत शिरून तेथील फायरफॉक्सच्या मूळ फाईलवर टिचकी मारतात. ब्राउझर उघडतो, कामही चालते. पण तो पेन ड्राइव्हवरील डेटा न वापरता त्या परक्या संगणकावरील खातेधारकाच्या जागेत आपले सामान मांडतो. आपल्या खुणा दिसत नाहीत म्हणून शिक्षक गोंधळतो, पासवर्ड पुन्हा टंकतो, ‘जतन करावा काय?’ या प्रश्नास सवयीने होकार देतो आणि शाळेची किल्ली दुकानदाराच्या संगणकावर टांगून घरी जातो. फिरता ब्राउझर वापरण्याचा सारा हेतूच येथे विफल होतो. यास्तव ब्राउझर उघडल्यावर आपल्या ओळखीच्या खुणा दिसतात की नाही हे पाहावे. न दिसल्यास पुढे न जाता तो बंद करून योग्य फाईलवरून पुन्हा उघडावा.

दुसरी गोष्ट धीराची. ब्राउझर चालू असता लहान लहान फायली सतत लिहितो व वाचतो, आणि स्वस्त पेन ड्राइव्हला नेमके हेच काम जड जाते. त्यात खोबण जुन्या पद्धतीची असेल तर पहिले पान दिसण्यास अर्धा मिनिट लागणे अस्वाभाविक नाही. तेवढ्यात तीन-चार वेळा टिचकी मारल्याने ब्राउझर लवकर उघडत नाही. काम संपल्यावर आधी संबंधित संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून बाहेर पडावे, मग ब्राउझर बंद करावा, क्षणभर थांबावे, विंडोजच्या पट्टीवरील सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा द्यावी आणि मगच पेन ड्राइव्हला हात लावावा. खुणा व इतिहास ज्या फायलींत असतात त्या ब्राउझर चालू असेतो उघड्या राहतात. अशा वेळी पेन ड्राइव्ह ओढून काढला तर रजिस्टरात लिहिणे चालू असता पान फाडल्यासारखे होते.

आता मुख्य विषय. नव्या आवृत्तीत केवळ रंगरूप बदलते, चालते आहे ते कशाला बदलावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रंगरूपाविषयी त्यांची तक्रार कधीकधी रास्तही असते. परंतु नव्या आवृत्तीचा खरा ऐवज न दिसणाऱ्या दुरुस्त्यांत असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये असे आढळून आले की वेबपी या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या एका सामाईक भागात दोष आहे, व मुद्दाम बिघडवून केलेले एखादे चित्र पानावर नुसते उघडले तरी त्याच्या आडून परकी आज्ञावली आपल्या संगणकात चालू शकते. कोठे टिचकी मारण्याचीही गरज नव्हती. हा भाग क्रोम, फायरफॉक्स व इतर अनेक आज्ञावलींत वापरलेला होता. गूगलने ११ सप्टेंबरला व मोझिलाने १२ सप्टेंबरला, फायरफॉक्सच्या ११७.०.१ या आवृत्तीने, तो दोष दुरुस्त केला. आणि त्यापूर्वीच त्याचा गैरवापर सुरू झाला होता हेही गूगलने सांगितले.

ज्यांच्या संगणकात ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने बसविलेला होता त्यांपैकी बहुतेकांना या घटनेची वार्ताही लागली नाही, कारण बसविलेला ब्राउझर आपली दुरुस्ती आपणच पडद्याआड आणून घेतो. कपाटाच्या खणात पडलेल्या पेन ड्राइव्हला ही सोय नाही. तो दोन महिने बाहेर निघाला नाही तर दोन महिने जुनाच राहतो. शिवाय दुरुस्ती प्रसिद्ध होणे ही एका परीने दोषाची दवंडीच असते : घर कोठे फुटके होते हे ज्यांनी डागडुजी केली त्यांच्याबरोबर चोरांनाही कळते, आणि ज्यांनी केली नाही त्यांची घरे शोधणे सोपे होते. मोझिलाने २०२० सालापासून साधारणतः दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती देण्याचा क्रम ठेवला. त्यावरून पाहता एक वर्ष न बदललेला ब्राउझर सुमारे बारा आवृत्त्यांनी मागे पडतो.

जुनेपणाचा त्रास केवळ चोरीपुरता नाही; मुदत संपल्यानेही कामे अडतात. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाचे एक मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले. १२८ क्रमांकापूर्वीच्या सर्वसाधारण आवृत्त्यांत जोडपुरवण्या बंद पडण्याचा संभव त्यामुळे निर्माण झाला, व ब्राउझर अद्ययावत करून घ्यावा असे मोझिलाने आधीच कळविले होते. अशा वेळी ‘संकेतस्थळ बिघडले’ अथवा ‘नेट चालत नाही’ असा बोल लावला जातो. दोष बहुधा आपल्या खिशातच असतो.

अद्ययावत करण्याची रीत अवघड नाही, मात्र क्रम सोडू नये. हे काम स्वतःच्या वा शाळेच्या विश्वासाच्या संगणकावरच करावे, दुकानात कदापि नव्हे. प्रथम ब्राउझर उघडून हेल्प या सदराखालील अबाउट फायरफॉक्स येथे सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक पाहावा व वहीत तारखेसह लिहून ठेवावा. काही फिरत्या आवृत्त्या येथूनच नवी दुरुस्ती घेऊ शकतात. काहींत ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. म्हणून सर्व प्रकारांस लागू पडेल अशी, संपूर्ण नवा संच आणून जुन्यावर बसविण्याची रीतच येथे दिली आहे.

ब्राउझर पूर्ण बंद करून त्याचा सबंध फोल्डर त्या संगणकावर उतरवून घ्यावा. ही प्रत म्हणजे आपला विमा. नंतर नवा संच तयारकर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात नाव टाकून जे पहिले स्थळ येईल तेथून घेऊ नये. जाहिरात म्हणून वर आलेली नकली स्थळे हुबेहूब असतात. आणलेली फाईल चालविण्यापूर्वी तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हे पान आहे की नाही ते पाहावे. पोर्टेबलअ‍ॅप्सच्या संचावर रेअर आयडियाज या त्यांच्या संस्थेचे नाव असते. सही नसलेला संच, सहीशिक्का नसलेल्या परिपत्रकाप्रमाणेच, बाजूला ठेवावा.

संच चालविला की तो कोठे बसवावा हे विचारतो. सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. दाखविलेला पूर्ण मार्ग अक्षरशः वाचावा : तो पूर्वीच्याच फोल्डराचा असला पाहिजे व त्यात फायरफॉक्स पोर्टेबल हे नाव एकदाच आले पाहिजे. दोनदा आले तर जुन्या फोल्डराच्या पोटात नवा फोल्डर तयार होतो. शिक्षक जुनाच ब्राउझर उघडत राहतो व नवा आत निजून असतो. मार्ग बरोबर असेल तर संच केवळ अ‍ॅप व त्यासंबंधीचे भाग बदलतो आणि डेटास हात लावत नाही. आधी जुने काढून टाकावे मग नवे बसवावे, असा स्वच्छतेचा उत्साह येथे नको. जुना फोल्डर पुसला की त्याबरोबर खुणा व पासवर्डही पुसले जातात. काम आटोपल्यावर ब्राउझर उघडून नवा क्रमांक पाहावा, खुणा जागेवर आहेत याची खात्री करावी, आणि नंतर विम्याची प्रत महिनाभराने पुसून टाकावी. तीत पासवर्ड असतात, त्यामुळे ती कायमची ठेवणे हाही एक धोकाच होय.

नव्यावरून पुन्हा जुन्यावर जाता येईल काय, असे एका प्रशिक्षणात विचारण्यात आले. मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीने वापरलेला डेटा जुन्या आवृत्तीस उघडू देत नाही, कारण त्याने माहिती बिघडू शकते. दोन पेन ड्राइव्ह बाळगून त्यांत डेटा फोल्डराची अदलाबदल करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे : दोन्हींवरील आवृत्ती एकच हवी.

दीर्घ आधाराची आवृत्ती या नावाने २०१२ पासून फायरफॉक्सची एक वेगळी शाखा मिळते. तिचे रूप सुमारे वर्षभर बदलत नाही, म्हणून शाळेच्या कामास ती अधिक सोयीची आहे असे माझे मत आहे. नव्याने शिकविलेले पुन्हा पुन्हा शिकवावे लागत नाही. मात्र ‘दीर्घ’ या शब्दाचा अर्थ वर्षभर पाहावयास नको असा नव्हे. संरक्षणाच्या दुरुस्त्या तिलाही त्याच क्रमाने येतात व त्या तशाच घ्याव्या लागतात. विंडोज ७ व ८ वर चालणारी फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५ क्रमांकाची, जुलै २०२३ मधील होय. क्रोमने त्या प्रणालींचा आधार फेब्रुवारी २०२३ मध्येच, ११० व्या आवृत्तीपासून, काढून घेतला. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा जुन्या संगणकावर आपण ताजा ब्राउझर नेला तरी खालची प्रणाली जुनीच राहते. कुडाच्या भिंतीला नवे कुलूप लावण्यापैकीच तो प्रकार होय.

यानंतर डेटाच्या संरक्षणाकडे वळू. फायरफॉक्समध्ये जतन केलेले पासवर्ड डेटा फोल्डरातील दोन फायलींत असतात : एकीत पासवर्ड सांकेतिक रूपात, दुसरीत त्यांची किल्ली. दोन्ही एकाच फोल्डरात असल्यामुळे पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती लागेल तो ब्राउझर उघडून सर्व पासवर्ड वाचू शकतो. यावर उपाय मुख्य पासवर्डाचा. पूर्वी यास मास्टर पासवर्ड म्हणत, २०२० पासून प्रायमरी पासवर्ड म्हणतात. तो ठेवला असता किल्लीच कुलूपबंद होते व ब्राउझर दरवेळी आधी तोच मागतो. क्रोमच्या फिरत्या प्रतींची गोष्ट निराळी आहे : क्रोम आपले पासवर्ड त्या त्या संगणकावरील विंडोज खात्याशी बांधतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर ते बहुधा उघडतच नाहीत. ज्यांना अनेक ठिकाणी फिरावे लागते त्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

सोपा मार्ग असा की विद्यार्थ्यांच्या माहितीच्या संकेतस्थळांचे पासवर्ड जतनच करू नयेत. खुणा जतन कराव्यात, किल्ल्या नव्हेत. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंदी भराव्या लागतात. एका मुलीचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, जात, आधार क्रमांक, दिव्यांगत्व, एवढे सर्व एका खात्याच्या आत असते, आणि ती मुलगी वा तिचे पालक हे खाते कोणाच्या खिशातून कोठे फिरते हे जाणत नाहीत. त्यांनी ही माहिती शाळेस दिली आहे, दुकानास दिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक गणली आहे. पण कायदा नसता तरीही शिक्षकाचे या बाबतीतील कर्तव्य कमी झाले नसते.

फिरता ब्राउझर मागे काहीच ठेवीत नाही, असा जो समज पसरला आहे तो अतिशयोक्त आहे. ब्राउझर आपला इतिहास पेन ड्राइव्हवर नेतो हे खरे. परंतु कोणता पेन ड्राइव्ह जोडला होता व कोणती आज्ञावली चालली याची नोंद विंडोज स्वतः ठेवते. त्याहून घातक म्हणजे उतरविलेल्या फायली. यादी उतरविली की ती बहुधा त्या संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरात जाऊन पडते, आणि छापून घेण्यासाठी दुकानदाराला दिलेली पीडीएफ त्याच्याकडेच राहते. यास्तव ब्राउझरच्या मांडणीत उतरविण्याची जागा पेन ड्राइव्हवरील एक फोल्डर अशी ठरवून द्यावी, अथवा दरवेळी जागा विचारावी असा पर्याय निवडावा. तसेच ज्या संगणकात टंकलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपणारी आज्ञावली दडली असेल, त्यावर कितीही ताजा फिरता ब्राउझर वापरला तरी आपला पासवर्ड वाचत नाही. संशयास्पद ठिकाणी विद्यार्थ्यांच्या माहितीचे काम करूच नये. नाइलाजाने करावे लागलेच, तर परत आल्यावर विश्वासाच्या संगणकावरून पासवर्ड बदलावा.

पेन ड्राइव्हमार्फत रोग पसरतो हेही जुनेच सत्य. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेला कॉनफिकर नावाचा कृमी पेन ड्राइव्ह जोडताच आपोआप चालण्याच्या विंडोजच्या सोयीचा फायदा घेत असे. विंडोज ७ पासून ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद झाली, जुन्या प्रणालींसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये दुरुस्ती आली. तथापि फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवणारे प्रकार अद्याप आढळतात. आपल्या फोल्डराच्या चिन्हावर लहानसा बाण दिसू लागला तर टिचकी मारू नये. पेन ड्राइव्ह काढून विश्वासाच्या संगणकावर विषाणुरोधक आज्ञावलीने तपासावा.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत या पाठाचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्यासाठी विद्यार्थ्यांची खरी माहिती अथवा पासवर्ड असलेला पेन ड्राइव्ह आणू नये. प्रत्येकाने रिकाम्या पेन ड्राइव्हवर फिरत्या ब्राउझरची मुद्दाम मागची आवृत्ती बसवून, तीत पाच खुणा करून आणावे. परिषदेत केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली प्रथम प्रत उतरवून घ्यावी, नवा संच त्यावर बसवावा, आणि पाचही खुणा टिकल्या की नाही हे शेजाऱ्याने तपासावे. जुना व नवा आवृत्ती क्रमांक आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. पुढील नोंद चार आठवड्यांनंतरच्या तारखेची असावी.